प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर वाट मोकळी राहावी म्हणून

"डॉक्टर, ऑपरेशन झालं तेव्हा धार कशी छान सुटली होती! महिनाभर मी घरात सगळ्यांना सांगत होतो, वीस वर्षांनी मागे गेलो म्हणून. आता पुन्हा पहिल्यासारखंच झालंय."

सत्तरीच्या आसपासचे एखादे गृहस्थ समोर येऊन बसतात आणि थोड्याफार फरकाने हेच सांगतात. सोबत मुलगा किंवा जावई असला तर आवाज खाली जातो. पत्नी सोबत असली तर बहुधा तीच बोलते, कारण रात्री पाच-पाच वेळा मोरीचा दिवा लागतो हे तिला ठाऊक असतं. किती दिवसांपासून हा त्रास आहे, असं विचारलं की उत्तर येतं, "झाले असतील तीन-चार महिने." मग इतके दिवस का थांबलात? "आता काय, वय झालं. आणि ऑपरेशन तर करून घेतलं होतं ना!"

हे भाषण रेडिओसाठी तयार करतोय असं कळल्यावर एका स्नेह्याने विचारलं, घरोघरी माणसं जेवायला बसलेली असताना लघवीच्या वाटेविषयी बोलणं बरं दिसेल का? मी म्हटलं, एरवी हा विषय घरात निघतच नाही, म्हणून तर बोलायचं. प्रोस्टेटचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन आता आपल्याकडे नवलाईचं राहिलेलं नाही. रत्नागिरी-चिपळुणात होतं, घाट चढून कोल्हापूरला जाऊन लोक करून घेतात, मुलगा मुंबईला असेल तर तिकडे होतं. ऑपरेशनविषयी लोकांना बरंच ठाऊक असतं. त्यानंतर काही महिन्यांनी मूत्रमार्ग आकसू शकतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. आणि तो आकसू नये म्हणून जे करायचं, त्यातलं निम्मं डॉक्टरांच्या हाती असलं तरी निम्मं रुग्णाच्या आणि घरच्या माणसांच्या हाती असतं.

आधी वाट समजून घेऊ. मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. तिच्या तोंडाशी, खालच्या बाजूला प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण आपण प्रोस्टेटच म्हणू. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण वीस ग्रॅम वजनाची असते. मूत्रमार्ग तिच्या मधोमध जातो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर ती वाढू लागते आणि काही जणांच्या बाबतीत आतून जाणारी वाट दाबते. धार बारीक होते, थांबून थांबून होते, कुंथावं लागतं, आणि एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. औषधांनी भागलं नाही की दुर्बिणीतून आत जाऊन, वाट अडवणारा भाग आतल्या आत तासून काढतात. पोटावर किंवा बाहेर कुठेही टाका पडत नाही.

टाका पडत नाही म्हणून जखमच नाही, असं मात्र नाही. दुर्बीण प्रोस्टेटपर्यंत पोचते ती लघवीच्याच वाटेने. पुरुषाची ही वाट अठरा ते वीस सेंटिमीटर लांब असते. बाईची जेमतेम चार सेंटिमीटर. शिवाय पुरुषाची वाट सरळ नाही, तिला वळणं आहेत. आत आस्तर अगदी नाजूक, आणि त्या आस्तराखाली रक्ताने भरलेलं स्पंजासारखं मऊ आवरण. अशा वाटेने पेन्सिलीहून थोडं जाड, धातूचं सरळ उपकरण आत जातं आणि तासाभराच्या कामात शेकडो वेळा मागे-पुढे होतं, डावी-उजवीकडे फिरतं.

पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यांसमोर आणा. पाटाच्या तोंडाशी धोंडा अडकला आणि पाणी अडलं. तुम्ही पहार घेऊन पाटातूनच आत शिरलात आणि धोंडा फोडून काढलात. पाणी खळाळून वाहू लागलं. पण जाता-येता पहारीने पाटाच्या कडा खरवडल्या गेल्या असतील, तर चार पावसांत तिथे माती घसरणार आणि पाट पुन्हा अरुंद होणार. या वेळी तोंडाशी नाही, मध्येच कुठेतरी. धोंडा काढण्याचं काम चोख झालेलं असलं तरी हे होऊ शकतं. मूत्रमार्गातही तसंच. आस्तर खरवडलं गेलं आणि त्याखालच्या स्पंजाला इजा झाली, की शरीर तिथे वण तयार करतं. चुलीवर भाजलेल्या हाताचा वण जसा पुढे आखडतो आणि बोट ओढून धरतो, तसाच हा वणही आखडतो. फरक इतकाच की हा वण नळीच्या भोवती असतो. तो आखडला की नळी आवळते.

वण आखडायला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशननंतर लगेच सगळं उत्तम असतं आणि त्रास सुरू होतो तो काही आठवड्यांनी, बऱ्याचदा पहिल्या सहा महिन्यांत, क्वचित वर्षभरानेही. निरनिराळ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेले आकडे पाहिले तर शंभर ऑपरेशनांमागे साधारण दोन ते दहा जणांना हा त्रास झालेला दिसतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही, हेही तितकंच खरं. ऑपरेशनला घाबरून लघवी तुंबत ठेवणं हे यावरचं उत्तर नव्हे. त्यात मूत्रपिंडं जातात.

वाट आकसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, अगदी बाहेरचं तोंड, कारण संपूर्ण वाटेत तेच सर्वांत अरुंद. दुसरी जागा अंडकोशाच्या मागे, सायकलच्या सीटवर जिथे भार येतो तिथलं वळण. सरळ उपकरणाचा दाब या वळणावर सर्वांत जास्त पडतो. तिसरी जागा आत मूत्राशयाच्या तोंडाशी. ही तिसरी जरा वेगळ्या जातीची आहे. प्रोस्टेट मुळातच लहान असेल आणि त्या तोंडाशी वीज जास्त वापरली गेली, तर ते तोंड आवळण्याचा धोका अधिक. म्हणून लहान ग्रंथीच्या रुग्णात पुष्कळदा सगळं तासण्याऐवजी तोंडाशी नुसता छेद देऊन भागवतात.

आता काळजीकडे येऊ. ती ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही, त्याच्या खूप आधी सुरू होते, आणि इथे आपल्या कोकणातल्या माणसांशी माझं जुनं भांडण आहे. लघवी तुंबली म्हणून नळी घातली जाते. डॉक्टर सांगतात, ऑपरेशन करून घ्या. घरी चर्चा होते. आता शिमगा तोंडावर आहे, पालखी येऊन जाऊ दे. शिमगा झाला की आंबा सुरू होतो. आंबा उतरवून पेट्या मुंबईला गेल्या की पाऊस आणि लावणी. लावणी झाली की गणपती. गणपतीला मुंबईकर येतात, तेव्हा घरच्या कर्त्या माणसाने इस्पितळात कसं पडून राहायचं? मग भातकापणी. नळी आपली जागच्या जागी, महिन्या-महिन्याने बदलून. ही नळी दिवसरात्र मूत्रमार्गाच्या आस्तराला घासत असते. तिच्यावर जंतूंचा थर बसतो. असा महिनोन्महिने दाह झालेल्या वाटेने पुढे दुर्बीण गेली, तर वण पडण्याची शक्यता वाढणार नाही तर काय? नळी घातली असेल आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल, तर ते हंगामावर ढकलू नका. देवाची पालखी दारी आली तेव्हा तुम्ही इस्पितळात होतात, म्हणून देव रागावणार नाही.

दुसरी गोष्ट, लघवीची तपासणी. नुसती साधी नव्हे, तर लघवीत कोणते जंतू वाढतात आणि कोणत्या औषधाला दाद देतात ती, कल्चरची. तिचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे गेलं तर कुरकुर करू नये. जंतू असलेल्या लघवीत ओली जखम बुडवून ठेवणं केव्हाही वाईटच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट आठवणीची. तरुणपणी झाडावरून पडताना फांदीवर, किंवा होडीत चढताना काठावर दोन्ही पायांच्या मध्ये आपटलेलं कधी सांगितलंय डॉक्टरांना? चाळीस वर्षांपूर्वी दोन दिवस लघवीतून रक्त गेलं आणि थांबलं, हे माणूस विसरून जातो. त्या जागी जुना वण असू शकतो. तरुणपणी परमा झाला असेल तर तोही सांगावा. डॉक्टरांना त्यात रस असतो तो वाटेपुरता, तुमच्या चारित्र्यापुरता नाही. शिश्नाच्या टोकाशी पांढरट चट्टे असतील, कातडी मागे सरकत नसेल, पूर्वी कधी नळी घालताना अडली असेल, हेही सांगावं. वाट आधीच अरुंद आहे हे ठाऊक असलं की डॉक्टर तयारीनिशी आत जातात.

ऑपरेशनच्या खोलीत काय चालतं, हे रुग्णाला दिसत नाही. कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो, समोर पडदा असतो. तिथली काळजी सर्वस्वी डॉक्टरांची. तरी ती काय असते हे थोडं सांगतो.

पहिली बाब मापाची. या सगळ्या नळ्या आणि उपकरणं फ्रेंच मापात मोजतात. शॅरिएर नावाच्या पॅरिसच्या एका हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात ते रूढ केलं. आकड्याला तीनाने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. प्रोस्टेट तासण्याचं उपकरण साधारणपणे 24 किंवा 26 नंबरचं असतं, म्हणजे एक आठ मिलिमीटर आणि दुसरं जवळजवळ पावणेनऊ. पाऊण मिलिमीटर ते काय, असं वाटेल. पण ज्याच्या वाटेला आठच झेपतात तिथे पावणेनऊ घालणं म्हणजे आस्तर चिरणंच. उपकरण सैलपणे सरकलं पाहिजे. ते अडतंय असं हाताला कळलं तर जोर करायचा नाही. बारीक उपकरण घ्यायचं, किंवा अरुंद जागी आधी नीट, बेताचा छेद देऊन वाट रुंद करून घ्यायची. सावकाश दिलेला सरळ छेद भरून येतो. जोराने फाटलेली जागा वेडीवाकडी भरते.

दुसरी बाब वंगणाची, आणि ऐकायला ती अगदी साधी वाटते. उपकरणाला जेली लावतात. पण फक्त टोकाला नाही. ती मूत्रमार्गात आधी पुरेशी भरायची, थोडी थांबायची, उपकरणाच्या पूर्ण लांबीला लावायची, आणि काम लांबलं तर पुन्हा लावायची. याला कारण केवळ घर्षण नाही. तासण्यासाठी वीज वापरतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रात ही वीज तारेच्या कडीतून निघून शरीरातून मांडीखालच्या पट्टीपर्यंत जाते. जेलीचा थर सुकला असेल किंवा उपकरणाचं आवरण खराब झालेलं असेल, तर ती वाटेतच झिरपून आस्तराला चटका देते. हा चटका त्या वेळी कुणाला दिसत नाही. दिसतो तो तीन महिन्यांनी, वण होऊन.

गंमत म्हणजे वंगण आणि सावकाशी या दोन्ही गोष्टी आपल्याकडे फार जुन्या आहेत. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश नावाचा विकार सांगितला आहे, ज्यात शिश्नाच्या टोकाची कातडी आवळून लघवीची धार अडते. त्यावर उपाय म्हणून धातूची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालावी, असं सांगितलं आहे. तुपाच्या जागी जेली आली. घाई करू नये हे तत्त्व तेच राहिलं.

तिसरी बाब वेळेची. साधारण तासाभरात आटोपेल एवढंच काम दुर्बिणीतून तासून करावं, असा अनुभवी डॉक्टरांचा दंडक असतो. ग्रंथी फारच मोठी असेल तर दुसऱ्या पद्धती आहेत. लेसर आहे, किंवा खारं पाणी वापरून चालणारं नवं विजेचं यंत्र आहे. रुग्ण मोठ्या आशेने विचारतात, "लेसर केलं तर हा त्रास नाही ना?" रक्तस्राव कमी होणं, इस्पितळात कमी दिवस राहणं असे त्यांचे फायदे आहेत. पण लेसरचं उपकरणसुद्धा त्याच वाटेने आत जातं. वाट आकसण्याच्या धोक्यातून कुठलंच यंत्र तुम्हाला पूर्ण मोकळं करत नाही.

ऑपरेशननंतर नळी असते, आणि इथून पुढचं काम घरच्यांचं. ही नळी जाड असते, कारण तिच्यातून पाणी आत सोडून रक्त धुऊन काढायचं असतं. तिच्या आतल्या टोकाला फुगा असतो आणि तो मूत्राशयात फुगवलेला असल्यामुळे नळी बाहेर येत नाही. रक्त थांबावं म्हणून सुरुवातीला काही तास ती ताणून मांडीला चिकटवतात. ही ओढ गरजेपुरतीच ठेवायची असते. ती सोडवायची कधी, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. ओढ राहून गेली तर बाहेरच्या तोंडाशी नळी रुतते आणि तिथेच पुढे वण पडतो. नळी कशाची बनलेली आहे, यालाही महत्त्व आहे. 1980च्या सुमाराला परदेशात हृदयाच्या ऑपरेशननंतर अनेक रुग्णांचे मूत्रमार्ग आकसल्याचं आढळलं. ज्यांच्या प्रोस्टेटला कुणी हातही लावला नव्हता, अशा माणसांचे! शोध घेता संशय गेला तो नळीच्या रबरावर. सिलिकॉनची नळी थोडी महाग असते, पण आस्तराला कमी बोचते.

ओढ सोडल्यावरही नळी मांडीला किंवा ओटीपोटाला चिकटपट्टीने सैलसर पण पक्की बांधलेली असावी. म्हणजे कूस बदलताना हिसका बसला तर तो चिकटपट्टीला बसेल, आतल्या वाटेला नाही. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. रुग्णाला खुर्चीवर बसवताना पिशवी कौतुकाने मांडीवर ठेवणारे नातेवाईक मी रोज पाहतो. तसं केलं की पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि सोबत जंतू नेते. पिशवी जमिनीवरही लोळू नये. नळीच्या तोंडाशी जमणारा चिकट स्राव दिवसातून दोनदा साबण-पाण्याने हलक्या हाताने पुसावा. त्यावर हळद, तेल, राख, कुठली पावडर, काही म्हणजे काही लावू नये.

सर्वांत जास्त जपायचं ते पहिल्या दोन रात्री. म्हाताऱ्या माणसाला अनोळखी जागा, औषधांची गुंगी, झोप नाही, अशाने रात्री भ्रम होतो. घरी आहोत असं वाटून ते उठतात, हाताला नळी लागते आणि ओढतात. आतला फुगा फुगलेलाच असतो. आवळ्याएवढा किंवा त्याहून मोठा तो फुगा त्या अरुंद वाटेतून बाहेर येतो, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करा. उत्तम झालेल्या ऑपरेशनवर एका हिसक्यात पाणी पडतं. म्हणून रात्री सोबतीला असलेल्या माणसाने झोपायचंच नाही, असं मी स्पष्ट सांगतो. दोघांनी पाळ्या लावाव्यात. आजोबांच्या हाताशी ओळखीचं माणूस बसलेलं असलं, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर असलं, तर भ्रम कमी होतो.

दोन-तीन दिवसांत बहुतेकांची नळी निघते. काहींना नळीसकट घरी पाठवावं लागतं. मग एसटीचा प्रवास येतो. गाडीच्या पायऱ्या चढताना पिशवी कुणाच्या हातात आहे, हे आधी ठरवा. रुग्ण पुढे आणि पिशवी धरलेला मुलगा तिकिटासाठी मागे, असं झालं की हिसका बसलाच. लांबच्या प्रवासात पिशवी मांडीलाच बांधता येते, तशी लहान पिशवी मिळते. तिचा खर्च फार नाही. नळी काढायची तारीख कागदावर लिहून घ्या आणि ती पाळा. कुणीतरी काढायला सांगेल म्हणून वाट पाहू नका.

नळी निघाल्यावर थोडी जळजळ होते, घाई लागते, वरचेवर जावं लागतं. हे काही आठवडे चालतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दहा-पंधरा दिवसांनी आतली खपली सुटताना लघवी लालसर होऊ शकते. पाणी भरपूर प्यावं, ती निवळते. गाठी पडून लघवी अडली तर मात्र लगेच दवाखाना. पहिले चार ते सहा आठवडे जड उचलणं, मोटारसायकलवरून खाचखळग्यांतून फिरणं, परसाकडला कुंथणं टाळावं. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले नाहीत तोच आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवणारे एक बागायतदार भर दुपारी रक्ताच्या गाठी घेऊन आले होते. पुन्हा नळी, पुन्हा पाणी सोडून धुणं. वाटेला दुसऱ्यांदा त्रास झाला तो झालाच.

श्रोतेहो, आता या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ऑपरेशननंतर धारेवर लक्ष ठेवायचं असतं. आधी धार सुधारली आणि मग ती हळूहळू बारीक होत गेली, ही वाट आकसत असल्याची खूण आहे. धार सुरुवातीपासूनच सुधारली नसेल तर कारण वेगळं असू शकतं. ग्रंथीचा काही भाग राहिला असेल, किंवा वर्षानुवर्षं जोर करून मूत्राशय थकलं असेल. धार दोन वाटांनी फुटणं, फवाऱ्यासारखी उडणं, पाय भिजणं हे बाहेरचं तोंड आवळल्याचं लक्षण. लघवी झाल्यावर कपड्यात थेंब थेंब येत राहणं, वरचेवर जंतुसंसर्ग होणं, हेही लक्षात ठेवावं.

आपल्याकडे या तक्रारींना एक सोयीचं नाव आहे, ते म्हणजे उन्हाळी लागणं. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत सुरू होतं. हे पदार्थ चांगलेच आहेत, जरूर घ्या. पण वण काही सरबताने सैल होत नाही, आणि महिने निघून जातात.

धार मोजता येते. दवाखान्यात त्यासाठी यंत्र असतं. त्यात नेहमीसारखी लघवी करायची, सुईचीही गरज नाही. सेकंदाला पंधरा मिलिलीटर किंवा जास्त वेग असेल तर सामान्यतः ठीक. दहाच्या खाली गेला तर डॉक्टर शोध घेतात. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ही तपासणी एकदा करून घ्यावी, बरं वाटत असलं तरीही. मुंबईला ऑपरेशन करून घेतलेली माणसं तपासणीसाठी पुन्हा जात नाहीत. एवढ्यासाठी कुठे जायचं, असं वाटतं. त्यांनी इथे जवळ जिथे हे यंत्र असेल तिथे करावी, डिस्चार्जचा कागद सोबत ठेवावा. हा कागद घरात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात टाकू नका. त्यावर केव्हा, कोणतं, कसं ऑपरेशन झालं ते लिहिलेलं असतं.

घरी करण्यासारखाही एक उपाय आहे. औषधाच्या दुकानात मापाच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं मिळतं. आठवड्यातून एकदा, चांगली लागली असताना त्यात लघवी करायची आणि घड्याळात सेकंद मोजायचे. मिलिलीटरला सेकंदांनी भागायचं. यंत्र सर्वांत जास्त वेग दाखवतं आणि हा सरासरी वेग असतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये. तुमची तुलना तुमच्याशीच. महिन्याभराने जो आकडा होता तो तिसऱ्या, चौथ्या महिन्यातही टिकला आहे ना, एवढंच बघायचं.

समजा आकसलंच, तर? लघवी पूर्ण तुंबली असेल आणि रात्रीची वेळ असेल, तर जवळच्या डॉक्टरांना आधी सांगा की प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं आहे. हे ऐकलं की ते नळी घालताना जोर करणार नाहीत. माझी गावोगावच्या डॉक्टर मित्रांनाही विनंती आहे, जेली भरपूर घालून एक-दोन प्रयत्नांत नळी गेली नाही तर थांबा. आकसलेल्या जागेशी जोर केला की नळी आस्तर फोडून भलतीकडेच जाते आणि एका वाटेच्या दोन वाटा होतात. मूत्राशय भरून वर आलेलं असलं तर ओटीपोटातून सुई किंवा बारीक नळी घालून तात्पुरती सुटका करता येते. पुढचं मूत्ररोगतज्ज्ञ बघतील.

बाहेरचंच तोंड आवळलेलं असेल तर ते जागा बधिर करून रुंद करता येतं. आतला लहानसा आकसलेला भाग दुर्बिणीतून छेद देऊन मोकळा करतात. पण हा छेद पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नसतो, प्रत्येक छेदाबरोबर नवा वण येतो. अशा वेळी मूत्रमार्ग नव्याने बांधण्याची शस्त्रक्रिया असते, आणि त्यासाठी आस्तर घेतात ते रुग्णाच्याच गालाच्या आतून. गालाचं आस्तर सतत ओलं राहायला सरावलेलं असतं, म्हणून ते तिथे रुजतं. या शस्त्रक्रियेत आपल्या पुण्याचं नाव जगभर आहे. डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबलचक आकसलेला मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून, गालाचं आस्तर लावून दुरुस्त करण्याची जी पद्धत बसवली, ती परदेशांतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अडचण एकच. गाल चांगला हवा. वर्षानुवर्षं तंबाखूचा बार भरलेला किंवा गुटख्याने पांढरा, ताठ पडलेला गाल असला की डॉक्टर तोंड उघडायला सांगतात, बघतात आणि गप्प होतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, पण गाल अजून तसेच येतात.

गेल्या वर्षी लांजा भागातून एक निवृत्त शिक्षक आले. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं सोबत आणली होती. दर रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात दोन आकडे, मिलिलीटर आणि सेकंद. दुसऱ्या महिन्यापर्यंत आकडे छान होते. तिसऱ्या महिन्यात तेवढ्याच लघवीला सेकंद वाढू लागले होते. त्यांना स्वतःला त्रास असा काही वाटतच नव्हता. "आकडा खाली येतोय, म्हणून आलो," म्हणाले. तपासलं तर बाहेरचं तोंड आवळायला नुकतीच सुरुवात झाली होती. तिथल्या तिथे ते रुंद केलं, घरी काही आठवडे बारीक नळी आत-बाहेर करून ते मोकळं कसं ठेवायचं हे शिकवलं, आणि दुपारच्या एसटीने ते परत गेले.